‘डोकं शांत ठेव’ म्हणजे नेमकं करायचं काय?

कोरांटी · शनिवार, रात्री ९:१०

भाचीची इंटर्नशिप सुरू झाली. निघताना घरातल्या प्रत्येकाने तिला एकच सांगितलं, "डोकं शांत ठेव हो." मीही सांगितलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, काय फालतू सल्ला दिला आपण. मी स्वतः डॉक्टर आहे, आणि ऐन वेळेला माझं डोकं शांत राहिल्याचं मला एकदाही आठवत नाही.

एमबीबीएसनंतर बॉण्डचं वर्ष मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काढलं. तिथले दोन प्रसंग सांगते. पहिल्यात मी चुकले.

दुसराच महिना होता. संध्याकाळी एका माणसाला घेऊन पंधरा-वीस जण आले. साप चावलेला, आणि मारलेला साप प्लास्टिकच्या पिशवीत सोबत आणलेला. पिशवी थेट माझ्या टेबलावर. "मॅडम, इंजेक्शन द्या, इंजेक्शन द्या." मला साप ओळखता येत नव्हता. पेशंटकडे नीट बघायच्या आधीच मी एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू केलं. हे औषध घोड्याच्या रक्तातून काढतात, त्यामुळे काहींना त्याची जबरदस्त रिॲक्शन येते. त्या माणसाला आली. आधी खाज, मग अंगभर गांध्या, मग बीपी खाली. ॲड्रेनलिन द्यायचं हे मला शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं. पण ते कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कुठे ते माहीत नाही. आणि मी उभी. हातात रिकामी सिरींज. इन्चार्ज सिस्टरने किल्ली आणली, ॲम्प्यूल फोडली, भरली, माझ्या हातात दिली आणि कानाशी म्हणाली, "मांडीत." तेवढ्या एका शब्दावर तो माणूस वाचला.

पिशवीतला साप दिवड होता. बिनविषारी. म्हणजे औषधाची गरजच नव्हती. नातेवाइकांनी दुसऱ्या दिवशी मला नारळ आणून दिले.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या जुलैतला. लावणीचा जोर. रात्री सव्वाआठला जीप आली. चाळिशीच्या बाई, बांधावरून येताना घोट्याला काहीतरी लागलेलं. सासरे दारातूनच ओरडत आले, "पान लागलंय, पान लागलंय," म्हणजे साप चावलाय. जनावर कुणी बघितलं नव्हतं. थोडी सूज, एक पुसट खूण.

तोवर मी एक गोष्ट ठरवून ठेवली होती. आपल्याकडच्या घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते बघायची एक साधी चाचणी आहे. काचेची नवी, कोरडी नळी घ्यायची. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही. त्यात दोन मिली रक्त घ्यायचं आणि नळी स्टँडवर उभी करून २० मिनिटं हात लावायचा नाही. हलवायची नाही, उचलून बघायची नाही. २० मिनिटांनी एकदाच कलंडवायची. रक्त थिजलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय.

जीप भरून माणसं ओरडत असताना २० मिनिटं म्हणजे किती असतात ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पण मी नुसती उभी नव्हते. ॲड्रेनलिन भरून ट्रेवर ठेवलेलं (त्या दिवड-प्रकरणानंतर किल्ली कपाटालाच लोंबायची). फ्रिजमध्ये किती व्हायल आहेत ते मोजलं. बाईंना दर पाच मिनिटांनी "वर बघा" म्हणायचं, पापण्या पडत नाहीत ना ते बघायचं, एका दमात कितीपर्यंत मोजता येतंय ते ऐकायचं. नाग-मण्यारीचं विष असेल तर ते तिथे दिसतं, आणि मग नळीसाठी थांबायचं नसतं.

सगळ्यात जास्त ओरडत होता तो त्यांचा जावई. त्याच्या मनगटावर मोठं घड्याळ होतं. मी त्याला नळीसमोर स्टूल दिलं आणि म्हटलं, "आता आठ पंचवीस झालेत. आठ पंचेचाळीसला मला हाक मारायची. तोवर नळीला कुणी हात लावला तर जबाबदारी तुमची." तो बसला. पुढची २० मिनिटं त्याने कुणाला नळीच्या आसपास फिरकू दिलं नाही, सासऱ्यांनाही नाही.

माझं डोकं तेव्हाही शांत नव्हतं हो. गुडघे कापत होते. फक्त त्या वेळी मला विचार करायची फारशी गरजच पडली नाही, तो मी आधीच्या महिन्यात स्टाफ क्वार्टरमध्ये चहा पिताना करून ठेवला होता. म्हणून विचारतेय. तुमच्या कामात, घरात, रस्त्यावर अशी ‘नळी’ कोणती? भाचीला ‘शांत राहा’च्या जागी काय सांगू?

पावशेर · शनिवार, रात्री ९:३१

बाईंचं काय झालं? नळी कलंडवलीत की नाही? हे म्हणजे मालिकेचा शुक्रवारचा भाग झाला.

उतारावरचा · शनिवार, रात्री १०:४४

डॉक्टर, लेख आवडला. मी रेल्वेतून निवृत्त. शेवटची बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात गाडी चालवली. पुण्याहून मुंबईला येताना तुमची एक्सप्रेस मंकी हिलला, ठाकूरवाडीला उगाच थांबते असं वाटतं ना? डब्यातले लोक म्हणतात सिग्नल नाही, क्रॉसिंग आहे. तसं काही नसतं.

त्या घाटाचा उतार ३७ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर खाली. रस्त्याला हा उतार काहीच नाही, रुळावर तो फार झाला. लोखंडावर लोखंड घसरतं. ब्रेक कमी पडले तर गाडी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून घाटात ठिकठिकाणी कॅच सायडिंग आहेत. मेन लाइनमधून फुटून डोंगराकडे चढत जाणारा, वाळूत संपणारा आंधळा रूळ. सुटलेली गाडी त्यात शिरली की चढाने आणि वाळूने थांबते.

आता गंमत बघा. दोन रूळ फुटतात तिथला सांधा एरवी मेन लाइनला लावलेला नसतो. तो कॅच सायडिंगलाच लावलेला असतो. मी गाडी सायडिंगच्या अलीकडे उभी करून दाखवायची, ती ठरलेला वेळ उभी राहायला हवी, मगच सांधा फिरतो आणि मेन लाइनचा सिग्नल मिळतो. गाडी ताब्यात आहे का, असं मला कुणी विचारतच नाही. विचारलं असतं तर मी दर वेळी ‘आहे’ म्हणालो असतो. ड्रायव्हर असंच म्हणणार.

ज्याने कुणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक होता.

दुसरं, आमच्यात सिग्नल दिसला की मी मोठ्याने बोलायचं आणि सहायकाने तोच परत बोलायचा. रात्री तीन वाजता, पावसात, चौदा-पंधरा तास जागं असताना स्वतःचाच आवाज ऐकला की चूक कानाला कळते. नवी पोरं लाजतात बोलायला. घाटातल्या दोन रात्री काढल्या की लाज जाते. तुमच्या सिस्टर ‘मांडीत’ म्हणाल्या ते याच जातीचं.

अनाहत · रविवार, सकाळी ७:०२

छान धागा. पण मूळ उपाय सोडून सगळे बाहेरचं बोलताय. रोज २० मिनिटं प्राणायाम करा, मन आपोआप स्थिर होतं. स्वानुभव आहे.

कोरांटी · रविवार, सकाळी ९:१५

अनाहत, प्राणायामाशी माझं भांडण नाही, मीही करते. पण ते रोजच्या रोज, घरी. टेबलावर सापाची पिशवी आपटल्यावर श्वास मोजायचं सुचत नाही. सुचलं असतं तर किल्लीही सुचली असती.

काका, सांध्याचं वाचून अंगावर काटा आला. इतक्या वेळा त्या गाडीने गेलेय आणि दर वेळी ‘का थांबली’ म्हणून कुरकुर केलीय.

बिनधास्त_वकील · रविवार, सकाळी ११:२०

एक खडूस प्रश्न. २० मिनिटं थांबलात आणि बाई दगावली असती तर? नातेवाईक कोर्टात गेल्यावर ‘नळी उभी करून ठेवली होती’ हे सांगून सुटणार होता? उलट पहिल्या प्रसंगात चुकलात तरी ‘औषध ताबडतोब दिलं’ म्हणून कुणी बोट दाखवलं नसतं. नारळच मिळाले ना. दबावाखाली माणूस चुकीचा निर्णय घेतो याचं कारण मेंदू नसून हे आहे, काही केलं तर माफी, थांबलं तर फाशी.

कोरांटी · रविवार, दुपारी १२:०५

प्रश्न खडूस आहे आणि बरोबर आहे. दुसऱ्या वेळी मला शिव्या पडल्या, पहिल्या वेळी नारळ, हे मी विसरलेले नाही.

म्हणून त्या २० मिनिटांत मी केसपेपरवर वेळ घालून सगळं लिहीत होते. आठ पंचवीस नळी लावली. आठ तीस पापण्या ठीक, एका दमात ३२ मोजले. आठ पस्तीस १०८ला फोन. तुमच्या कोर्टासाठी म्हणा हवं तर. पण लिहिण्याचा खरा उपयोग मलाच झाला. ‘पापण्या ठीक’ लिहायचं म्हणजे पापण्या बघाव्याच लागतात.

मखमलाबाद_नाका · रविवार, दुपारी ३:४८

तुम्हा सगळ्यांकडे प्रोटोकॉल आहेत. माझ्या आईकडे काय होतं?

आई ६८ वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका, नाशिकला एकटी राहते. गेल्या वर्षी सकाळी साडेदहाला फोन. तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत. मग व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ. तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगितलंत तर मुलीलाही अटक. आईने आयुष्यभर चारशे पोरांना शिस्त लावली. ती दुपारी साडेतीनपर्यंत त्या खुर्चीवर बसून होती. जेवली नाही. बाथरूमला जायला परवानगी मागितली, ती त्यांनी दिली, आणि परवानगी दिल्याबद्दल आई त्यांना थँक यू म्हणाली. हे सांगताना ती अजून रडते.

एफडी मोडायचा फॉर्म मोबाइलवर उघडून झाला होता. तेवढ्यात दारावर पोळ्यावाल्या मावशी. आईने दार उघडलं नाही. आई पडली असणार असं वाटून मावशींनी दार बडवायला सुरुवात केली. आईने हळूच कॅमेऱ्यातल्या माणसाला सांगितलं, "पोळ्यावाल्या बाई आल्यात." तो खवळला, "दार उघडायचं नाही." मावशींनी शेजाऱ्यांकडची किल्ली आणली, आत आल्या, आईचा चेहरा बघितला आणि फोनकडे बघून म्हणाल्या, "कोण मेला हा?"

कॉल कट झाला. पैसे वाचले.

आई म्हणते, "मी काय मूर्ख आहे का? काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं. पण तो बोलायचा थांबतच नव्हता. विचाराला जागाच देत नव्हता." माझ्या मते सगळं त्यात आलं. साप चावतो तेव्हा घाई खरी असते. इथे घाई कुणीतरी बनवून तुमच्या अंगावर टाकलेली असते. घाई, गुपित आणि लाज, तिन्ही एकदम. अटक व्हिडिओ कॉलवर होत नाही, कायद्यात असा प्रकारच नाही, पंतप्रधानांनी २०२४च्या ऑक्टोबरात ‘मन की बात’मध्ये सांगितलं, १९३० हा सायबर मदतीचा नंबर आईच्या फ्रिजवर चिकटवलेला होता! मीच चिकटवलेला. फ्रिज स्वयंपाकघरात, आई हॉलमधल्या खुर्चीवर.

आता आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्यात. पैशाचं काहीही असो, एक रात्र मध्ये गेल्याशिवाय हलवायचे नाहीत, अगदी मी रडत फोन केला तरी. आणि घरातलाच एक शब्द आहे. तो विचारायचा. माझा आवाज असला तरी.

पावशेर · रविवार, दुपारी ४:१०

मावशींना पद्मश्री द्या. (हलकं घ्या, पण खरंच द्या.)

आणि त्या बांधावरच्या बाईंचं राहिलंय, डॉक्टर.

उतारावरचा · रविवार, संध्याकाळी ६:३०

ताई, तुमच्या पोळ्यावाल्या मावशी म्हणजे आमची कॅच सायडिंग. आईंना माझा नमस्कार सांगा. मुख्याध्यापिकेला बाथरूमसाठी परवानगी मागायला लावणाऱ्याला कॅच सायडिंगपण नको, थेट दरी.

कलानगर२००५ · रविवार, रात्री ११:१७

बराच वेळ नुसतं वाचत होतो. मला वेगळंच म्हणायचंय, त्यामुळे लिहू की नको असं झालं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आकडा नंतर कळला. मी दुपारी अडीचला बीकेसीतल्या ऑफिसातून गाडी काढली. नवी गाडी, हप्ते सुरू होऊन चार महिने झालेले. कलानगरच्या अलीकडे ट्रॅफिक थांबला. पाऊस जोरात होता, पण मुंबईत जुलैत पाऊस जोरातच असतो. एसी चालू, रेडिओ चालू.

सगळे म्हणताय दबावाखाली डोकं गडबडतं. माझं डोकं पूर्ण शांत होतं. तोच तर घोळ झाला. पाणी टायरच्या निम्म्याला आलं, म्हटलं ओहोटीला उतरेल. दाराला लागलं, म्हटलं पुढची बस हलली की निघू. पायाखालच्या मॅटवर पाणी आलं तेव्हा मी काय केलं सांगू? वाकून बूट काढले आणि मागच्या सीटवर ठेवले, भिजू नयेत म्हणून. त्या एका क्षणी ‘आता ठरव’ असं सांगणारं काहीच नव्हतं. पाणी बोटाबोटाने चढत होतं आणि मी दर बोटाला ‘अजून थोडं बघू’ म्हणत होतो. बायकोला फोन लागत नव्हता. लागला असता तर ‘ट्रॅफिकमध्ये आहे’ एवढंच सांगितलं असतं.

काचेवर कुणीतरी बुक्की मारली. वस्तीतली तीन-चार मुलं होती, कमरेएवढ्या पाण्यात, हातात नायलॉनची दोरी. काच खाली करायला बटण दाबलं, काच हलेना. तेव्हा, फक्त तेव्हा, भीती वाटली. दार उघडेना. आतून पाय लावून ढकललं, बाहेरून त्यांनी ओढलं, मग पाणी आत घुसलं आणि मी बाहेर. एक जण ओरडला, "अंकल, गाडी छोडो, रस्सी पकडो." मी त्याला म्हणालो, "लॅपटॉप घेऊ दे." त्याने माझ्या शर्टाची कॉलर धरून ओढलं.

त्या दिवशी मुंबईत गाडीत अडकून, गुदमरून माणसं गेली. पेपरात वाचलं तेव्हा बूट आठवले.

तर, ‘शांत राहा’ हा सल्ला मला तरी अपुराच नाही, उलटा वाटतो.

कोरांटी · सोमवार, सकाळी ८:४०

कलानगर, माझ्या लेखाचा अर्धा मुद्दा तुम्ही पाडलात, आणि बरं केलंत. भीती वाटायला हवी तेव्हा वाटत नाही, हे मी धरलंच नव्हतं. पेशंटच्या बाबतीतही होतं असं. हळूहळू बिघडणारा पेशंट रात्रभर ‘ठीक’ वाटतो, कारण दर तासाला तो मागच्या तासापेक्षा थोडासाच वाईट असतो. म्हणून तक्ता भरायचा, आणि सकाळच्या आकड्याशी ताडून बघायचं, मागच्या तासाच्या नाही.

तुम्ही आता काय करता? पावसात गाडी काढता?

कलानगर२००५ · सोमवार, सकाळी ९:०५

काढतो. पाणी चाकाच्या मध्यावर, एक्सलला आलं की गाडी सोडायची. कुठे आहे, कुणाची आहे, मागे कोण हॉर्न मारतंय, काही बघायचं नाही. इतक्या वर्षांत दोनदा सोडली. दोन्ही वेळा पाणी उतरलं आणि बायकोने टोमणे मारले. चालतंय.

काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या दारात ठेवतो. डिकीत नाही.

रेनियर_व्ह्यू · सोमवार, सकाळी १०:३३

सिअॅटलहून. इकडे जंगलाच्या आगी हा दर उन्हाळ्याचा विषय, त्यामुळे एक प्रसंग सारखा कानावर येतो. मोंटाना, मान गल्च, ५ ऑगस्ट १९४९. विमानातून उड्या मारून उतरलेले आग विझवणारे, त्यांचा फोरमन वॅग्नर डॉज. वारा फिरला आणि आग गवताच्या चढावरून त्यांच्यामागे धावत सुटली. माणसापेक्षा जोरात. कड्यापर्यंत पोचणं शक्य नाही हे डॉजने ओळखलं, आणि काडी ओढून स्वतःच्याच पुढ्यातलं गवत पेटवलं. ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडला, पोरांना हाका मारल्या की इकडे या. मोठी आग राखेपाशी आली, तिला जाळायला काही मिळालं नाही, बाजूने निघून गेली. तो वाचला.

एकही जण त्याच्या राखेत आला नाही. १३ जण गेले. डॉजखेरीज दोघे वाचले, तेही धावत कड्याच्या फटीतून पलीकडे निघाले म्हणून.

उतारावरच्या काकांच्या सांध्याला मी मानतो, पण इथे कुठलीही यादी नव्हती. त्या क्षणी सुचलेला निर्णय होता, आणि अचूक होता. तरी माणसं गेली. कारण आगीतून पळताना समोरचा माणूस नवीन आग लावतोय हे बघून कुणाला काय वाटेल? समजावायला वेळ नव्हता. बरोबर ठरवणं हे निम्मंच काम. डॉक्टरांनी जावयाला स्टुलावर बसवलं ते मला त्या नळीपेक्षा मोठं वाटलं.

बिनधास्त_वकील · सोमवार, सकाळी ११:१२

रेनियर, एक शंका. डॉजचं कौतुक तो वाचला म्हणून. वाचला नसता तर ‘फोरमनने आग लावली’ अशी चौकशी बसली असती. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवायची खोड आपल्या सगळ्यांना. कलानगरच्या बायकोचे टोमणे त्यातलेच.

रेनियर_व्ह्यू · सोमवार, सकाळी ११:४०

वाचूनही आरोप झालेच. त्याच्याच आगीने पोरं गेली असं मेलेल्यांपैकी एकाच्या वडिलांचं म्हणणं होतं, आणि ते कोर्टातही गेले. तुमचा मुद्दा मान्य.

हत्तीउंट · सोमवार, दुपारी १:२६

लहान मुलांना बुद्धिबळ शिकवतो. आमच्याकडे दबाव म्हणजे घड्याळ. शेवटची दोन मिनिटं उरली की पोरांचे हात डोक्याच्या आधी चालतात. पूर्वी आम्हाला शिकवायचे, चाल आधी कागदावर लिहा, लिहिलेली बघा, मग खेळा. आता नियमाने आधी लिहायला बंदी आहे. म्हणून मी पोरांना सांगतो, हातावर बसा. शब्दशः. दोन्ही तळहात मांडीखाली. चाल सुचली की हात काढता काढता एक सेकंद मिळतो, त्यात निम्म्या चुका दिसतात.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ला जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला तो जलद डावांच्या टायब्रेकवर, समोर कोनेरू हंपी. त्या दिवसापासून माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली घड्याळाला घाबरायच्या थांबल्यात. मुलं अजून घाबरतात.

अवांतर: घड्याळ समोरच्याचं चालू असताना विचार करायचा असतो, आपलं चालू झाल्यावर नाही. पोरं तेव्हा पाणी प्यायला जातात. डॉक्टरांचा क्वार्टरमधला चहा म्हणजे हेच.

मखमलाबाद_नाका · सोमवार, दुपारी २:५०

हातावर बसा!! आईला सांगितलं. म्हणाली, "त्या मेल्याने मला तसंच बसवलं होतं."

शेतकरी_दापोली · सोमवार, रात्री ८:०२

डॉक्टर, आमच्याकडे पावसात साप चावणं हे नेहमीचं. गाडी येईपर्यंत आम्ही काय करायचं ते दोन ओळींत सांगा. वर दोरी बांधायची का? गावात एक जण चीर द्या म्हणतो, एक जण मिरची चावायला देतो.

कोरांटी · सोमवार, रात्री ९:२५

बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, मिरची-हळद काही नाही. अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ काढून घ्यायचं, सूज आली की रुततं. पाय हाड मोडल्यासारखा फळीला धरून स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही, १०८ला फोन. गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघायचं. साप शोधायला थांबायचं नाही, पिशवीत आणायचा तर मुळीच नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटात दुखायला लागलं आणि पापण्या जड झाल्या तर खूण दिसत नसली तरी आणा. मण्यार चावलेली कळत नाही.

पावशेर, तुमची तीन दिवसांची वसुली आता देते.

आठ पंचेचाळीसला जावयाने हाक मारली, मिनिटभरही इकडेतिकडे नाही. मी नळी कलंडवली. रक्त काठापर्यंत पाण्यासारखं आलं. फुरसं असणार, आमच्या भागात तेच जास्त. दहा व्हायल लावल्या. या वेळी थोडी खाज आली तेवढीच, ट्रेवरची सिरींज तशीच राहिली. १०८ आली होती, पण पलीकडे झाड पडल्याने जिल्ह्याचा रस्ता बंद होता, म्हणून बाई आमच्याकडेच राहिल्या. औषधानंतर सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी करायची असते. सासरे व्हरांड्यात झोपले, बाकीची मंडळी जीपमध्ये. मीही टेबलावर डोकं टेकलं होतं.

तीनच्या सुमाराला कुणीतरी खांद्याला हात लावला. जावई. रात्रभर तो त्याच स्टुलावर बसून होता. घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलेलं. म्हणाला, "मॅडम, सहा तास झाले. नवी नळी कुठेय?"

दुसरी नळी त्याच्यासमोरच लावली. तीन पंचविसाला कलंडवली तेव्हा रक्त जागचं हललं नाही. त्याने विचारलं, "मी एकदा बघू का?" मी नळी त्याच्या हातात दिली.